भरदुपारचा टोल

काका गेले. आता भेटायला येतात ते सगळे शाळेचंच काढतात, की असा शिपाई पुन्हा होणार नाही, त्यांच्या टोलावर लोक घड्याळं लावायचे. खरं आहे ते. पण काकू शाळेचं काही सांगत नाही, ती सांगते त्या सुट्टीचं, गायवाल्या बाईंच्या शेतावरच्या. म्हटलं, ते एकदा लिहून ठेवावं, नाहीतर पुढे कुणाच्या लक्षात राहणार.

काका शाळेत पाणी भरायचे, वर्ग झाडायचे, हेडमास्तरांचा चहा करायचे, पण खरं काम टोलाचं. व्हरांड्यात रुळाचा एक तुकडा टांगलेला होता आणि शेजारी हातोडी. दुसऱ्या कुणी टोल दिलेला त्यांना खपायचा नाही. म्हणायचे, लोखंड कुणीही बडवेल, टोल द्यायला हात लागतो. त्यापायी कधी रजा नाही, अंगात ताप असला तरी मफलर गुंडाळून हजर. पोरांनी नावच पाडलं होतं, टोलकाका.

आणि काकू म्हणजे तोंडाची तिखट. भाजीवाला तिला लांबून बघितलं की आपणहून भाव उतरवायचा. मग ती आजारी पडली. छातीचं दुखणं, दवाखान्यात खूप दिवस काढले. घरी आली तेव्हा रिपोर्ट सगळे चांगले, पण आली ती काकूच नव्हती. जेवतेस का विचारलं तर वाढा. बाहेर बसतेस का, तर बसते. काकांनी एकदा मुद्दाम भाजीत मीठच घातलं नाही. तिने गपचूप खाल्ली. तेव्हा मात्र काका घाबरले. डॉक्टर म्हणाले, मोकळ्या हवेत न्या कुठेतरी.

शाळेतल्या एका बाईंच्या मावशीचं शेत होतं, दुधाच्या गायी होत्या. गोठ्याला लागून दोन खोल्यांचं घर, पूर्वी गड्यांसाठी बांधलेलं, ते मावशी, म्हणजे याच गायवाल्या बाई, सुट्टीत लोकांना राहायला द्यायच्या. काकांनी जन्मात पहिल्यांदा सुट्टीत कुठे जायचं ठरवलं. काकू, थोरली मुलगी आणि धाकटा, सगळ्यांना घेऊन निघाले. पोचेपर्यंत अंधार पडला होता, धारा काढून झाल्या होत्या. गायवाल्या बाई कंदील घेऊन आल्या. उंच, हाडापेराने मोठ्या, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट. बोलणं मोजकं. फाटक उघडं टाकायचं नाही आणि शेणखड्ड्याकडे पोरं जायची नाहीत, एवढं सांगून गेल्या.

खोलीत लोखंडी खाट, पायाखाली हलणारी एक फरशी, निळ्या रंगाची खिडकी, आणि उशी-पांघरुणाला सुद्धा वाळलेल्या गवताचा वास. भिंतीपलीकडे गायी रवंथ करत होत्या ते ऐकू यायचं. धाकटा म्हणाला, बाबा, भिंत काहीतरी खातेय.

सकाळी बाईंनी दुधाची किटली आणून ठेवली. गायी चरायला गेल्या. काकांनी खाट बाहेर काढली, काकूला उन्हात बसवलं, पेलाभर दूध दिलं. तिने पिऊन पेला खाली ठेवला आणि म्हणाली, अजून आहे का?

काकांनी सगळी किटलीच पुढे केली. दवाखान्यातून आल्यापासून तिने आपणहून काही मागितलं नव्हतं. ते उठले आणि उगाच घराला एक चक्कर मारून आले. मनात एकच, इथले दिवस पुरे मिळू देत, मध्ये काही विघ्न नको.

आणि विघ्न त्यांनीच आणलं.

दुपारी पानं घेतली तर पोरांचा पत्ता नाही. ती ओढ्याकडे गेलेली. काकांनी हाका मारल्या, घसा बसला, कोणी येईना. गोठ्याच्या तोंडाशी लोखंडाची जाड पट्टी टांगलेली होती, खाली कोनाड्यात दांडू. त्यांनी विचार केलाच नाही. हातच गेला. मधल्या सुट्टीचा देतात तसा सणसणीत, लांब टोल दिला.

पोरं आली नाहीत. गायी आल्या.

आधी लांब चढावर एकेक मान वर झाली. मग सगळा कळप निघाला, आचळं हलवत, धावत, धूळ उडवत. रोज संध्याकाळी गडी तो टोल द्यायचा, की गायी घरी यायच्या, पेंड खायच्या आणि धारेला उभ्या राहायच्या. पण देण्याआधी तो वाटेच्या कडेने दोरी बांधायचा, गायींनी भाजीत घुसू नये म्हणून. आता दोरी कुठली? घेवड्याचा आख्खा वाफा पायाखाली गेला. एक तांबडी गाय वाळत घातलेली चादर शिंगावर घेऊनच गोठ्यात शिरली, नवरीसारखी.

बाई जेवणावरून उठून आल्या, हात खरकटाच. कुणी वाजवला, एवढंच विचारलं. काका शाळेतल्या पोरासारखे हात बाजूला घेऊन उभे. म्हणाले, मी. लगेच पुढे म्हणाले की आत्ता हाकलून देतो परत.

"परत?" बाई म्हणाल्या. "टोल ऐकून आल्यात त्या. रिकाम्या तोंडी पाठवल्या तर उद्या टोलाला कोण विचारेल?"

काका स्वतः जन्मभर हेच सांगत आलेले. एकदा शाळेचं घड्याळ पुढे गेलं, टोल लवकर झाला, हेडमास्तर म्हणाले पोरांना परत बसवा, तर काका आडवे उभे राहिले होते, की वाजला तो वाजला. आता गपचूप गड्याबरोबर पेंडीच्या पाट्या वाहिल्या. गव्हाणी भरल्या. बाईंनी पुढे एक अक्षर काढलं नाही, आणि तेच काकांना जास्त लागलं. त्यांना वाटलं, आता संध्याकाळी ही बाई येऊन निघा म्हणणार, आणि ते काकूसमोर म्हणणार. त्यापेक्षा आपणच निघालेलं बरं.

आत जाऊन त्यांनी बॅग काढली. कपडे कोंबायला लागले. काकूला म्हणाले, आवर, सकाळच्या गाडीने जाऊ.

"मी नाही येत."

काकांचा हात बॅगेतच राहिला.

"तुम्ही जा," काकू म्हणाली. "मला इथे बरं वाटतंय. आणि पळून काय जाताय? वाफा कोण लावणार, तुमचे हेडमास्तर? दिसलं लोखंड की बडवलं, घरी पातेल्यांच्या झाकणांना पोचे पाडलेत, आता लोकांची गुरंही सोडली नाहीत."

काका बॅगेवरच बसले. ती बोलत होती, लग्नापासूनचं एकेक काढत होती. मध्येच धाप लागली म्हणून थांबली, तर काका म्हणाले, "बोल की अजून."

"वेड लागलंय का?" ती म्हणाली, आणि भिंतीला धरून बाहेर पडली, ती सरळ बाईंपुढे. म्हणाली, आमच्या माणसाला खोड आहे, वाफा आम्ही उकरून पुन्हा लावून देतो, आणि तुमची ती चादर धुऊन देतो, शेण लागलंय. बाई तिच्याकडे बघतच राहिल्या. कालपासून काकूने तोंड उघडलं नाही म्हणून त्यांना वाटलं होतं, ही मुकी आहे.

"मुकी?" काका म्हणाले. "ही?" आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. बाईही हसल्या, त्या कधी हसल्या असतील तर तेव्हा एकदाच, असं गडी सांगायचा.

मग काका माती उकरायचे, पोरं पाणी आणायची, आणि काकू खाटेवर बसून कुणाचं बी वाकडं पडलं ते सांगायची. रोज थोडं जास्त चालायला लागली. बाईंशी गायींवरून वाद घालायला लागली. शाळा उघडायचा दिवस आला तेव्हा घेवडा नुकता वर निघालेला. काकांनी तिकिटाचं काढलं. काकू म्हणाली, पोरांची शाळा चार दिवस बुडाली तर काय बुडतं, मी वेल काठीला चढल्यावर येईन.

तेव्हा काका एकटेच परतले. टोलाला हजर झाले. जेवायला शेजारी जायचे, आणि गल्लीत जो भेटेल त्याला सांगायचे, बायको यायला नाही म्हणते. लोकांना वाटायचं, भांडण झालं. कुणी समजूत घालायला लागलं की काका आणखी खूश होऊन सांगायचे, अहो, तोंडावर नाही म्हणाली, तोंडावर.