न केलेल्या चुकीवरची सही

"खुर्चीवरून ऊठ," मॅनेजर म्हणाला. समोर सात-आठ पाहुणे बॅगा घेऊन उभे. "तुमच्या वाड्यातल्या पोरींच्या हातात कम्प्युटर दिला की हेच होणार."

मी उठले.

कळंबच्या पुढं एका रिसॉर्टमध्ये मी रिसेप्शनला होते. शनिवारची सकाळ. बुकिंगचं पान उघडलं की खोल्यांचा तक्ता यायचा, तिथं कोरा चौकोन. वर सूचना, पानावरच्या स्क्रिप्टमध्ये एरर आहे. कुणाला कुठली खोली दिलीय, काही दिसेना. मी पान पुन्हा लोड केलं. साठलेला जुना डेटा पुसला. तरी तेच. तेवढ्यात मॅनेजर आला.

माझ्या आधार कार्डावर पत्ता आहे, बुद्धवाडा. तो वाचल्यापासून मॅनेजर खोल्यांच्या चाव्या माझ्या हातात द्यायचा नाही, काउंटरवर ठेवायचा. पासवर्ड टाकताना मला तोंड फिरवायला लावायचा. मला. दिवसभर त्याच कम्प्युटरवर बसणारीला.

त्याला वाटलं, मी पेन ड्राइव्ह लावून काहीतरी केलं. त्यानं हाऊसकीपिंगच्या सुनंदाताईंना माझी पर्स तपासायला सांगितली. तिथंच, सगळ्यांसमोर. ताईंनी एकेक वस्तू काउंटरवर काढली. डबा, कंगवा, गोळ्यांची पट्टी, पॅडचं पाकीट. "मला सांगितलंय गं, मी काय करू," त्या पुटपुटल्या. रांगेतल्या एका बाईंनी आपली बॅग जवळ ओढून घेतली. तेवढं मी पाहिलं. पेन ड्राइव्ह नव्हताच.

रिसॉर्टच्या कम्प्युटरचं मालकांचा भाचा बघायचा. मॅनेजरनं त्याला मुंबईला फोन लावला. अर्धा तास तो सांगेल ते करून झालं. पाहुण्यांचे आवाज चढले. मग मॅनेजर खुर्चीतून उठला आणि बाजूला झाला. बस, असंही म्हणाला नाही.

मी बसले. तेच पान प्रायव्हेट विंडोत, म्हणजे ब्राउझरला जोडलेलं काही चालू नसताना, उघडलं. तक्ता आला. म्हणजे पान ठीक होतं, बिघाड आमच्या ब्राउझरमध्ये होता. एररची यादी उघडली. लाल ओळीच ओळी. प्रत्येक ओळीत एकाच फाइलचं नाव, आणि ती फाइल आमच्या पानाची नव्हती. ब्राउझरला एक एक्स्टेन्शन, खरेदीची कूपन शोधून देणारा छोटा प्रोग्राम, जोडलेलं होतं, त्याची होती. ते बंद केलं. तक्ता जागेवर.

आदल्या संध्याकाळी मालकांचा भाचा याच कम्प्युटरवर बूट मागवत बसला होता. बूट स्वस्तात मिळावेत म्हणून एक्स्टेन्शन त्यानंच टाकलं होतं. मी ते मॅनेजरला सांगितलं. तो पाहुण्यांकडं वळून म्हणाला, मुंबईच्या साहेबांनी फोनवरून दुरुस्त केलं.

दुपारी केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर छापलेला कागद. माझ्या निष्काळजीपणामुळे सिस्टिम बंद पडली, वगैरे. खाली माझं नाव.

"सही कर. फॉर्मॅलिटी आहे."

कागदावर छापल्याची वेळ होती, दहा वाजून वीस मिनिटं. मला बिघाड सापडला तो अकरा वाजता. बिघाड सापडायच्या आधीच गुन्हेगार ठरला होता. हा कागद जाणार कुठं? उद्या काही हरवलं, तर हाच बाहेर निघणार का? तोवर सगळे माझ्यावर संशय घेत होते. आता मला त्यांचा आला.

"मी सही करत नाय."

कामावर मी नेहमी जपून 'नाही' म्हणायचे. त्या दिवशी घरचं तोंडात आलं.

"नाय?" तो हसला.

"नाय."

कोरा कागद घेतला. एरर काय होता, फाइल कुठली, एक्स्टेन्शन कुणी टाकलं, पर्स कुणाच्या सांगण्यावरून उघडली, सगळं लिहिलं. सही केली. त्याला पोचपावती मागितली. दिली नाही. मी फोटो काढून मालकांना पाठवला.

संध्याकाळी निरोप आला, उद्यापासून येऊ नको.

आईला राग आला. "गप सही करायची व्हती, काम तरी राहिलं असतं," म्हणाली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

आता मी कुंभिवलीला एका गोदामाच्या ऑफिसात आहे. पहिल्याच दिवशी तिथल्या साहेबांना सांगितलं, लेखी कारण दिल्याशिवाय माझी पर्स उघडायची नाही, आणि मी न केलेल्या चुकीवर माझी सही मिळणार नाही.

साहेब हसले. मी हसले नाही.