एप्रिलमध्ये टोमॅटो लावा म्हणे

ती पुस्तिका अजून माझ्याकडे आहे. सोळा पानांची, गुळगुळीत कागदाची, मुखपृष्ठावर फुलकोबीचा रंगीत फोटो. आत दुसऱ्या पानावर ‘मार्गदर्शन’ या शब्दापुढे माझं नाव छापलंय. ते वाचलं की आजही माझं डोकं तापतं.

मी मूळची रत्नागिरीकडची. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नवऱ्याची बदली वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावला झाली आणि आम्ही स्टेशनजवळच्या एका भाड्याच्या घरात राहायला आलो. घरामागे बऱ्यापैकी मोकळी जागा होती. माहेरच्या परसात बारा महिने काही ना काही असायचं. मुळा, लाल माठ, मांडवावर पडवळ आणि दोडकी. आईच्या मागे मागे फिरून मीही ते सगळं केलेलं, त्यामुळे भाजी लावणं आपल्याला येतं अशी माझी ठाम समजूत होती.

पहिल्याच पावसाळ्यात ती समजूत गेली. आमच्याकडच्या तांबड्या मातीत कितीही पाऊस पडला तरी पाणी निचरून जातं. इथली काळी माती पाणी धरून बसते. माझ्या सपाट वाफ्यांत वांग्या-मिरचीची रोपं पिवळी पडली, उपटून पाहिली तर मुळं कुजलेली. उन्हाळ्यात तीच माती अशी भेगाळली की भेगेत माझा हात मनगटापर्यंत जायचा. होळीनंतर मी हौसेने धणे पेरले, सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं. जे थोडंफार उगवलं ते चार दिवसांत करपलं.

कुंपणापलीकडच्या घरातल्या मावशी हे सगळं पाहत होत्या. माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठ्या, गोंड कुटुंबातल्या. नवऱ्याशी आणि मुलीशी त्या गोंडीत बोलायच्या, बाकी जगाशी वऱ्हाडीत. वनखात्याच्या रोपवाटिकेत त्या कित्येक वर्षं रोजंदारीवर जात होत्या. रोज शेकडो पिशव्या भरायच्या, बी रुजवायचं, रोपं जगवायची, हेच त्यांचं काम. एका सकाळी त्या कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या.

“अवं बाई, काय करून राह्यली तू?”

“कोथिंबीर लावलीय, मावशी.”

“काय लावलं?”

“कोथिंबीर. धणे पेरलेत.”

“सांभार म्हन ना मंग! अन् सांभार असा उघड्यावर लावते का कोनी या दिवसात? इथला उन्हाया पायला नाई का तू?”

मी म्हटलं, “आमच्याकडे येते ना.”

“तुमच्याकडे येत असन. इथं तुमच्याकडलं ऊन आनलं का सोबत?”

मला राग आला होता, पण दुसऱ्या दिवशी मीच कुंपणाशी गेले. पुढची दहा-बारा वर्षं मी त्यांच्या हाताखाली शिकले, असंच म्हणायला हवं. पावसाळ्यात वाफा उंच करायचा आणि दोन वाफ्यांमधून पाण्याला वाट काढून द्यायची. उन्हाळ्यात उलट, वाफा जमिनीच्या खाली घ्यायचा, म्हणजे घातलेलं पाणी आतच राहतं आणि गरम वारं वरून निघून जातं. काळ्या मातीत नदीची वाळू आणि भरपूर शेणखत मिसळायचं. पश्चिमेच्या बाजूने तुराट्यांच्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांच्या, ताट्या बांधून आडोसा करायचा. टोमॅटो, पालक, मेथी, सांभार ही सगळी मंडळी इथे हिवाळ्याची. एप्रिल-मेमध्ये टोमॅटोला फुलं आली तरी ती गळून जातात, फळ धरत नाही. तेव्हा गवार, भेंडी, चवळी, तीही आडोशाने.

मावशी बोलायच्या आणि मी वहीत लिहायचे. कुठल्या महिन्यात काय पेरलं, कधी उगवलं, काय मेलं आणि कशामुळे. कुठे मी माझंच खरं केलं म्हणून नुकसान झालं आणि कुठे त्यांचंही चुकलं, तेही. वही भरली, दुसरी सुरू झाली.

दोन हजार सालानंतर आमच्या भागात महिलांचे बचत गट निघाले. त्यांच्यासाठी काम करणाऱ्या वर्ध्याच्या एका संस्थेतले साहेब एकदा आमच्या गटाच्या बैठकीला आले. कुणीतरी त्यांना माझ्या परसात आणलं. जानेवारीचे दिवस होते, बाग भरात होती. साहेब वाकून वाकून बघत होते. म्हणाले, “मॅडम, याची पुस्तिका काढू या. घरोघरी परसबाग व्हायला पाहिजे.”

मी त्यांना वही दिली. देताना बजावलं, “हे सगळं शेजारच्या मावशींचं ज्ञान आहे. मी फक्त लिहून घेतलंय. त्यांचं नाव आधी टाका.”

“अर्थातच,” साहेब म्हणाले.

मी मावशींना हे सांगितलं. त्यांनी नुसतं विचारलं, “माह्यं नाव छापतीन? आडनावासगट?” आणि मी हो म्हटलं.

मार्चच्या शेवटी पुस्तिका आली. छोटासा कार्यक्रम झाला, माझ्या हातात नारळ दिला, बायकांना पुस्तिका वाटल्या. मी घरी येऊन माझं नाव छापलेलं पान नवऱ्याला दाखवलं, माहेरी फोन केला. मावशींचं नाव कुठे दिसत नव्हतं. मी स्वतःशी म्हटलं, शेवटच्या पानावर असेल, निवांत बघू. आतलं वेळापत्रकही मी तेव्हा वाचलं नाही. माझीच वही, त्यात काय वाचायचं? हा माझा गुन्हा आहे आणि तो मी लपवत नाही. नाव छापून आल्याच्या आनंदात मी आंधळी झाले होते.

मे महिन्यात एका दुपारी दार वाजलं. गावाच्या दुसऱ्या टोकाच्या वस्तीतली, आमच्याच गटातली एक बाई उभी होती. तिच्याकडे नळाला दोन-तीन दिवसांआड पाणी यायचं. तिने पदराखालून एक घमेलं काढलं आणि माझ्या पायरीवर उपडं केलं. टोमॅटोची रोपं होती, वाळून काळी पडलेली.

“बाई, तुमचं नाव पाहून लावले होते,” ती म्हणाली. “तांदूळ धुतलेलं पानी जपून ठेवलं, पोरायले आंघोयीले कमी देल्लं अन् याइले देल्लं. एक नाई जगलं.”

“एप्रिलमध्ये टोमॅटो? असं कुणी सांगितलं तुला?”

तिने पुस्तिका पुढे केली. त्यात स्वच्छ लिहिलं होतं. मार्च-एप्रिल : टोमॅटो, पालक, कोथिंबीर. जागा : किमान सहा तास थेट सूर्यप्रकाश मिळेल अशी. पावसाळ्यात : सपाट वाफे. मी दारातच एकेक पान उलटत गेले. तुराट्या नव्हत्या, वाळू नव्हती, खोल वाफा नव्हता. माझ्या वहीतलं एक वाक्य शिल्लक नव्हतं. शेवटच्या पानावर छापखान्याचं नाव होतं. मावशींचं नव्हतं.

मी तिला घरात ये म्हटलं. ती आली नाही.

दुसऱ्याच दिवशी मी वर्ध्याला गेले. साहेब कूलरसमोर बसले होते. मी पुस्तिका टेबलावर ठेवली.

“हे काय छापलंय तुम्ही?”

“मॅडम, बसा ना. तुमची माहिती फार छान होती, पण जरा स्थानिक स्वरूपाची होती. आम्ही ती प्रमाणित वेळापत्रकाप्रमाणे करून घेतली. तज्ज्ञांनी तयार केलेलं आहे.”

“कुठल्या तज्ज्ञांनी? त्यांनी वर्ध्यात एक तरी मे महिना काढलाय का?”

“राज्यभर एकच वेळापत्रक ठेवलं की सोयीचं पडतं.”

“राज्यभर ऊन एकच आहे का, साहेब? मी रत्नागिरीची आहे. तिथली माती वेगळी, इथली वेगळी, एवढं कळायला माझी दोन वर्षं गेली. तुम्ही इथलेच ना? मे महिन्यात तुमच्या घरची बाई दुपारी बारा वाजता अंगणात पालक लावते का?”

ते हसले. त्या हसण्याने माझं उरलंसुरलं भान गेलं. “आणि मावशींचं नाव कुठाय?”

“असं आहे,” ते आवाज खाली आणून म्हणाले, “पुस्तिकेला एक वजन लागतं. वनमजूर बाई म्हटलं की लोक गंभीरपणे घेत नाहीत. म्हणून तुमचं ठेवलं. तुमच्या भल्याचंच केलं.”

मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. शेजारच्या खोलीतली माणसं दाराशी आली होती एवढं आठवतं. उरलेल्या प्रती वाटू नका म्हटलं, तर साहेब म्हणाले वाटप झालंय. दुरुस्तीचं पत्रक काढा म्हटलं, तर म्हणाले पुढच्या आवृत्तीत बघू.

मला वाटलं होतं, मावशी माझी बाजू घेतील. मी घडलं ते सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “तू वाचलं नाई काऊन?”

“मावशी, मला वाटलं...”

“तुले वाचता येते ना चांगलं? मंग वाचलं काऊन नाई? मी असं सांगतलं होतं का तुले? चैतात टमाटर लावाचं म्हटलं होतं म्या?” त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज कडक होता. “माह्यं नाव नाई टाकलं ते जाऊ दे. माह्या तोंडचं बदलवलं अन् त्यावर तुहं नाव देल्लं.”

तीन आठवडे त्या कुंपणाशी आल्या नाहीत. एका रविवारी मीच त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. म्हटलं, “ज्यांना ज्यांना पुस्तिका मिळालीय, त्यांच्या घरी जायचं. तुम्ही सांगायचं, मी खोडून लिहायचं. याल का?”

त्यांनी चपला घातल्या.

त्यानंतरचे सगळे रविवार आम्ही पुलगावच्या गल्ल्या पालथ्या घातल्या. कुणी पुस्तिका चुलीत घातली होती, कुणाच्या पोराने फुलकोबी कापून वहीला चिकटवली होती. काही जणींनी मला दारातच सुनावलं आणि मी ऐकून घेतलं. जिथे पुस्तिका सापडली तिथे मावशी ओट्यावर बसून महिन्यामागून महिना सांगायच्या आणि मी लाल पेनाने छापलेलं खोडून शेजारी लिहायचे. पहिल्याच घरात मी त्यांचं नाव लिहायला गेले, तेव्हा त्यांनी पेन माझ्या हातातून घेतलं. चौथीपर्यंत शिकल्या होत्या. माझ्या नावाच्या वर, एकेक अक्षर जोडत, त्यांनी आडनावासकट स्वतःचं नाव लिहिलं. पुढे प्रत्येक घरात तेच केलं.

करपलेली रोपं घेऊन आलेल्या बाईकडे आम्ही सगळ्यात शेवटी गेलो, कारण माझी हिंमत होत नव्हती. तिने मावशींना चहा दिला, मलाही दिला, पण बोलली फक्त मावशींशी. पोळ्यानंतर मावशींनी स्वतःच्या वाफ्यातली रोपं तिला नेऊन दिली. डिसेंबरात ती टोपलीभर टोमॅटो घेऊन आमच्या गल्लीत आली, माझ्या दारावरून सरळ पुढे गेली आणि टोपली मावशींच्या ओट्यावर ठेवली. मी अंगणात उभी होते. मला वाईट वाटलं, आणि तिचं बरोबर होतं हेही तेव्हाच कळत होतं.

संस्थेला मी दोन पत्रं पाठवली, उत्तर आलं नाही. पुढच्या वर्षी दुसरी आवृत्ती निघाली. साहेबांनी शब्द अगदीच मोडला असं म्हणता येणार नाही, कारण एक दुरुस्ती त्यांनी केली होती. माझं नाव काढून टाकलं होतं. मार्च-एप्रिलमध्ये टोमॅटो, पालक आणि कोथिंबीर होतेच, सहा तास थेट उन्हात.