राखून ठेवलेला कान

मेहुण्याच्या सत्कारात मी शाल त्याच्याऐवजी सूत्रसंचालकाच्या खांद्यावर टाकली, कारण माझं सगळं लक्ष मेहुण्याच्या फेट्याखालच्या उजव्या कानाकडे होतं.

सुहास आता कर्नल आहे. परदेशात दंगल पेटली तेव्हा शांतिसेनेची तुकडी घेऊन तो जमावासमोर उभा राहिला आणि एकही गोळी न झाडता शाळेत अडकलेली माणसं त्याने बाहेर काढली. सकाळीच गावात आला, आल्या आल्या त्याला फेटा बांधला गेला. पण पंचवीस वर्षांपूर्वी, नवरीचा भाऊ म्हणून कानपिळीला त्याने माझा कान असा पिळला होता, की लग्नाच्या एकूण एक फोटोत मी रडवेला दिसतो. तेव्हाच ठरवलं होतं, याचा कान भर सभेत पिळायचा.

शाल परत मागून घेतली, त्याला पांघरली आणि हळूच फेट्याखाली बोटं घातली. अर्धा कान तिथे नव्हताच.

"भावोजी, तो दगडाने गेला," सुहास पुटपुटला. "डावा घ्या."

मला त्या दगडवाल्याचा असा संताप आला! सूड घ्यायलासुद्धा ओळख लागते हो. सुहासचं नावही ठाऊक नसलेल्या माणसाने मी इतकी वर्षं राखलेला कान एका फटक्यात नेला. समोर आला असता, तर त्याचे दोन्ही पिळले असते. डाव्याला मात्र हात लावायचा धीर झाला नाही. नारळ देऊन खाली उतरलो.

घरी हे सांगितलं, तर बायको डोळे पुसत म्हणाली, "पिळायचा होता ना डावा! सकाळपासून जो तो त्याला नुसता नमस्कारच करतोय."