सरकारी भिंती रंगवणारा शमशुद्दीन

जयसिंगपुरात बसस्थानकाच्या अलीकडं फक्रुद्दीन पेंटरचं दुकान होतं. पत्र्याची एक खोली, आणि बाहेर वाळायला लावलेल्या पाट्या. आम्ही सगळे त्यांना फक्रुद्दीनचाचा म्हणायचो. त्यांचा मुलगा शमशुद्दीन सतरा वर्षांचा होता. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होता, पण त्याचा खरा वर्ग दुकानातच भरायचा. चाचांनी त्याच्या हाताला असं वळण लावलं होतं, की बापानं लिहिलेली पाटी कुठली आणि पोराची कुठली, हे गिऱ्हाइकाला सांगता यायचं नाही.

आणीबाणी आली आणि या दुकानाला काम मिळालं. तालुक्याचे एक साहेब जीपमधून आले. गावोगावच्या भिंतींवर घोषणा लिहायच्या होत्या. कमी बोला, जास्त काम करा. शिस्त हीच देशसेवा. चाचांनी काम घेतलं. नको म्हणायची सोय नव्हती, आणि म्हणावं असं त्यांना वाटलंही नव्हतं. घोषणा म्हणजे त्यांच्या लेखी चहाच्या जाहिरातीसारखीच. अक्षर सरळ आलं पाहिजे, रंग ओघळता कामा नये, एवढंच ते बघायचे.

शमशुद्दीनचा जिवलग मित्र जोतीराम. त्याचे मामा, आकाराम, कबनूरला यंत्रमागावर होते. कारखान्याच्या दारात उभं राहून चार कामगारांपुढं बोलले, एवढ्यावरून त्यांना सकाळी घरातून उचलून नेलं. कुठं नेलं ते कुणी सांगेना. मामी दोन पोरं घेऊन जोतीरामच्या घरी आली. ती चुलीजवळ बसायची आणि कुणी काही विचारलं की नुसती मान हलवायची. पेपरात एक ओळ आली नाही. गावात कुणी त्यांचं नावही काढेना.

"तुमी भित्तीवर लिवताय कमी बोला," जोतीराम एकदा दुकानात येऊन म्हणाला. "आता मामा बोलतच न्हाईत बग."

शमशुद्दीनची धाकटी बहीण शहाजादी तिथंच रंग कालवत बसली होती. ती पंधरा वर्षांची, दहावीला होती. ती म्हणाली, "मग तुमी बी लिवा की. रंग हाय, भित्ती हायत."

काय लिहायचं यावर तिघांनी बरंच डोकं चालवलं. जोतीरामला लांबलचक लिहायचं होतं, त्यात शिव्याही होत्या. शेवटी शहाजादीनं चार शब्द सुचवले: नेलेली माणसं परत द्या.

ते भर दुपारी लिहिलं. चाचा तापानं घरी पडून होते. बसस्थानकासमोर तंबाखूच्या वखारीची लांब भिंत होती. तिच्यावर आधीच दोन सरकारी घोषणा होत्या. शमशुद्दीननं तिथं शिडी लावली. जोतीरामनं शिडी धरली. तोच निळा रंग, तेवढंच अक्षर, तशीच खाली पट्टी. येणारेजाणारे बघत होते. पोलीसही सायकलवरून गेला. पेंटरचं पोरगं सरकारचं काम करतंय, म्हणून कुणी थांबलं नाही.

पहिला दिवस तसाच गेला. सरकारी घोषणा कोण वाचतो? मग हळूहळू लोक थबकायला लागले. वाचायचे, इकडंतिकडं बघायचे आणि निघून जायचे. भाजी विकणाऱ्या झुंबरबाईला वाचता येत नव्हतं. तिनं कुणाला तरी काय लिवलंय म्हणून विचारलं. त्यानं हळूच सांगितलं. ती भाजीची पाटी खाली ठेवून भिंतीपुढं उभी राहिली. म्हणाली, "व्हय बाबा, द्या परत." तिचं कोण गेलं होतं कुणाला ठाऊक.

त्या दोन दिवसांत ती तिघं पोरं हवेत होती. शहाजादी शाळेतून येताना मुद्दाम लांबच्या वाटेनं, वखारीवरून यायची.

तिसऱ्या दिवशी पोलीस जीप थेट दुकानापुढं थांबली. चाचा तापातून उठून नुकतेच बसले होते. फौजदारांनी त्यांना वखारीसमोर नेलं. शमशुद्दीन मागं पळत गेला. चाचांनी भिंतीकडं वर बघितलं. बराच वेळ ते त्या अक्षरांकडं बघत राहिले. आपण शिकवलेला हात त्यांनी ओळखला, हे शमशुद्दीनला त्यांच्या पाठीवरूनच कळलं.

"कुणी लिहिलं हे?" फौजदार म्हणाले.

"माजंच अक्षर हाय, साहेब."

"अब्बा, मी..."

"तू घरला जा," चाचा मागं न बघता म्हणाले. "अम्मीला सांग, मी येतो म्हणून."

ते आले नाहीत. शमशुद्दीन त्याच संध्याकाळी पोलीस ठाण्यात गेला आणि मी लिहिलं म्हणून सांगितलं. फौजदार चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं, असं तो पुढं म्हणायचा. त्यांनी त्याला बाकावर बसायला सांगितलं.

"हे बघ, तू अजून सज्ञान नाहीस. तुला धरला तर मला दहा कागद करावे लागतील. तुझ्या बापाचा कागद कोल्हापूरला गेला. भिंत एक आहे, माणूस एक मिळाला. संपलं."

"पण त्यांनी लिवलंच न्हाय."

"मला माहीत आहे," फौजदार म्हणाले आणि दुसऱ्या माणसाशी बोलायला लागले.

मग तो तालुक्याच्या साहेबांकडं गेला. साहेब म्हणाले, घोषणांचं काम अर्धं राहिलंय. ते नीट पुरं कर, चांगली वागणूक दाखव, मग वर शब्द टाकतो. वखारीच्या भिंतीवर चुना फिरवायचं कामही त्यालाच दिलं. आपलीच अक्षरं त्यानं आपल्या हातानं पुसली. त्या दिवशी जोतीराम शिडी धरायला आला नाही. त्याच्या वडिलांनी त्याला एका पावण्याच्या ओळखीनं बिद्रीच्या साखर कारखान्यात कामाला धाडून दिलं होतं.

शमशुद्दीनचं कॉलेज सुटलं. एसटीत डबे आणि ब्रश घेऊन तो गावं पालथी घालू लागला. शाळांच्या भिंती, सोसायट्यांच्या भिंती, दवाखान्यांच्या भिंती. नसबंदीच्या घोषणाही लिहायला लागल्या. लोक त्याच्याकडं रागानं बघायचे. एका गावात बायांनी त्याला प्यायला पाणी दिलं नाही. एक गाव झालं की साहेब दुसऱ्या गावाचं नाव द्यायचे. शब्द टाकलाय, एवढंच म्हणायचे.

एकदा त्याला बिद्रीला पाठवलं. कारखान्याच्या रस्त्यावर तो शिडीवर असताना जोतीराम खालून आला.

"हे तू लिवतोयस?"

"अब्बांस्नी सोडतील म्हणत्यात."

जोतीरामनं शिडीला हात लावला, मग काढून घेतला. "मामा बी न्हाय आलं अजून," म्हणाला. पाळीचा भोंगा झाला तसा तो गेला. दोघांची गाठ त्यानंतर फारशी पडली नाही.

बऱ्याच महिन्यांनी तुरुंगात भेटीची परवानगी मिळाली. जाळीपलीकडं चाचा निम्मे झाले होते. बिबीजान, म्हणजे शमशुद्दीनची आई, नुसती रडत होती. निघायच्या वेळेला चाचांनी पोराला जवळ बोलावलं. "नेलेलीतल्या 'ल'ची गाठ जरा मोठी पडली हुती," ते हळूच म्हणाले. "लई घाई करतोस तू." शमशुद्दीन हसायला गेला आणि त्याला हसता आलं नाही.

घरात कर्ता माणूस नाही, पोलिसांचा डाग लागलाय, पोरगी वयात आलीय. मिरजेच्या काकांनी शहाजादीचं लग्न ठरवून टाकलं. तिनं दहावीची परीक्षा तेवढी देऊ द्या म्हणून हट्ट केला. काका म्हणाले, परीक्षा सासरी जाऊन दे. शमशुद्दीन तिथंच बसला होता. त्याच्याकडं तिनं बघितलं. भिंतीवर लिहा म्हणणारी पोरगी होती ती. तो उठून ब्रश धुवायला गेला. परीक्षा राहिली ती राहिलीच.

सत्त्याहत्तरच्या मार्चात निवडणुकीनंतर चाचा सुटले. साहेबांच्या शब्दानं नव्हे, सगळ्यांबरोबर सुटले. आकाराममामाही आले, पण त्यांना मागावर कुणी परत घेतलं नाही. पहिल्याच आठवड्यात चाचांनी एक पाटी लिहायला घेतली, दोन अक्षरं काढली, ती सरळ येईनात, आणि ब्रश रॉकेलच्या डब्यात बुडवून ठेवला. पुन्हा धरला नाही. दुकान शमशुद्दीन चालवू लागला.

त्या उन्हाळ्यात गावात तुरुंगात गेलेल्यांचा सत्कार होता. मंडप, हार, कर्णा. चाचांनी सकाळीच अंघोळ केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि दारात खुर्ची टाकून बसले. कुणी बोलवायला येईल, असं ते म्हणाले नाहीत. कर्ण्यातून एकेक नाव ऐकू येत होतं. पक्षांचे लोक होते, संघटनांचे होते. चाचा कुठल्याच पक्षाचे नव्हते, त्यामुळं त्यांचं नाव कुणाकडंच नव्हतं.

"मी जाऊन सांगू का?" शमशुद्दीननं विचारलं.

"काय सांगशील?" चाचा म्हणाले. "मी काय केलंय?"

शमशुद्दीनला जे सांगायचं होतं ते गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं, तरी ते कुणाला जाऊन सांगावं हे त्याला कळेना. तो बापाच्या खुर्चीशेजारी खाली बसून राहिला. भाषणं संपली, कर्ण्यावर गाणी लागली. मग चाचा उठले, आत गेले, सदरा काढून त्यांनी खुंटीला अडकवला आणि बिबीजानला म्हणाले, जेवायला वाढ.