लाहोरच्या मापाचं पायताण

गडहिंग्लजजवळच्या एका गावात शिवलीलाबाई हायस्कुलात भूगोल शिकवायच्या. त्यांची घरची बोली कानडी. लहानपणी मराठी शाळेतली पोरं "ए कानडे, बोल की!" म्हणून त्यांना रडवायची. ते रडणं बाई कधी विसरल्या नाहीत. १९९८ साली पुण्याच्या एका संस्थेनं भारत-पाकिस्तानातल्या शाळांची पत्रमैत्री सुरू केली, तेव्हा त्यांनी लगेच आपल्या आठवीच्या वर्गाचं नाव कळवलं.

पत्रं मोडक्यातोडक्या इंग्रजीत जायची. बाई प्रत्येक पत्र आधी वाचून चुका पेन्सिलीनं दाखवायच्या. क्रांतीच्या वाट्याला लाहोरची नाझिया आली. दोघीही तेराच्या. क्रांतीनं लिहिलं, आमच्या रानात गुऱ्हाळ चालतं, म्हैस व्यालीय आणि माझा दादा कृष्णात मिलिटरीत आहे. शेवटच्या ओळीवर बाईंची पेन्सिल थांबली. पण पोरीचा अभिमान खोडायचा कसा? त्यांनी ओळ राहू दिली.

मग नाझियाला कोल्हापुरी पायताण पाठवायचं क्रांतीच्या मनानं घेतलं. गावात आकाराम चपला करायचे. ते म्हणाले, "पाय बघितल्याबिगर मी कातड्याला हात लावत न्हाय. बोलीव की पावनीला हिकडं!"

"लाहोरला हाय ओ ती!"

"मग तिचा पाय तरी पाठव म्हण कागदावर."

मार्चमध्ये कागद आला. पावलाभोवती ओढलेली रेघ अंगठ्यापाशी हलली होती. खाली लिहिलं होतं, 'गुदगुल्या झाल्या.' बाईंनी अर्थ सांगितल्यावर आकाराम डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. पण कामाला चिकट माणूस. एकदा केलेला तळ पसंत पडला नाही म्हणून त्यांनी तो उसवला आणि दुसरा घातला. जोड तयार व्हायला मेअखेर उजाडली.

तोवर कारगिलच्या बातम्या सुरू झाल्या होत्या. जोड बाईंच्या कपाटातच राहिला. जुलैत कृष्णात तिरंग्यात गुंडाळून गावी आला.

शाळा समितीचे अध्यक्ष बाळासो दुसऱ्याच दिवशी वर्गाच्या दारात उभे राहिले. "बाई, दुश्मनाच्या पोरीला पायताण? तिला हार बी घाला की मग!"

"नाझियानं गोळी नाही झाडली, बाळासो."

"हे बायडाबाईच्या दारात जाऊन सांगा. कृष्णातच्या आईला."

पत्रं बंद पडली.

पंधराव्या दिवशी क्रांती शाळेत आली. बाईंना वाटलं, आत्ता एक ओळ गेली तर पोरीच्या मनात विष मुरणार नाही. त्यांनी तिला बाजूला घेतलं. "नाझियाला एवढंच लिही, मी बरी आहे. ती काळजीत असेल."

क्रांती त्यांच्याकडं बघतच राहिली. "बाई, आईनं अजून धड भाकरी खाल्ली न्हाय. आन् तुम्ही मला तिकडं पत्र लिवायला सांगताय?"

त्या दिवसापासून क्रांती शेवटच्या बाकावर बसायला लागली. दहावी होऊन जाईपर्यंत ती बाईंशी कामापुरतंसुद्धा बोलली नाही. दुसऱ्याच्या दुःखाला आपण शाळेचं वेळापत्रक लावायला गेलो, ही बोच बाईंच्या मनातून गेली नाही. दर दिवाळीच्या सुट्टीत त्या जोडाला तेल लावायच्या. लाहोरची पोर आता मोठी झाली असणार, हे कळत असूनही लावायच्या.

२००४ साली दोन्ही देशांचं आपसात थोडं बरं चाललं होतं. बाईंनी लाहोरला नाझियाच्या वर्गाच्या शिक्षिका फरहतबाईंना पत्र टाकलं. उत्तरात एक जुना लिफाफा निघाला. नाझियानं तो जून ९९ मध्ये क्रांतीला पाठवायला त्यांच्याकडं दिला होता आणि लढाईमुळं तो तिथंच अडकला होता.

लिफाफा हातात घेऊन बाई चार दिवस घुटमळल्या. शेवटी त्या बायडाबाईंच्या घरी गेल्या. क्रांती डी.एड.च्या सुट्टीवर आली होती.

"नको वाटलं तर परत घेऊन जाते," बाई म्हणाल्या.

क्रांतीनं पत्र उघडलं. नाझियानं लिहिलं होतं, 'तुझा भाऊ सुखरूप आहे ना? माझा मामाही फौजेत आहे. अम्मी रोज दोघांसाठी दुवा मागते, ते समोरासमोर येऊ नयेत म्हणून.'

क्रांतीनं ते दोनदा वाचलं. आत बायडाबाई धान्य पाखडत होत्या. सुपाचा आवाज थांबला.

"तिचा मामा आला का घरी?" क्रांतीनं हळूच विचारलं.

"माहीत नाही गं."

"इचारून घ्या. आन् दादाचं कळवू नका. आमच्या घरात त्याच्यासाठी मागायसारखं कायच उरलं न्हाय. तिच्या आईचं मागणं तरी चालू दे."

तू स्वतः लिहितेस का, हे बाईंच्या ओठांवर आलं होतं. या वेळी त्यांनी ते गिळलं.

घरी येऊन त्या लिहायला बसल्या. नाझियाच्या मामाची चौकशी केली. कृष्णातपाशी आल्यावर पेन अडलं. खरं लिहायला मनाई होती आणि खोटं लिहवत नव्हतं. बऱ्याच वेळानं त्यांनी एवढंच लिहिलं, 'क्रांतीला पत्र मिळालं. तिनं ते दोनदा वाचलं.'