एका पाटावरची दोन नावं

बहिणीच्या लग्नाच्या पत्रिका छापून आल्या, तेव्हा आईला जाऊन आठ महिने झाले होते. आमच्या खाडीकाठच्या आगरी गावात पाकिटावर नाव घालायचं ते घरच्या पुरुषाचं, पुढे 'सहकुटुंब'. आई दर लग्नसराईत त्यावर कुरकुरायची. "सहकुटुंब म्हंजे मी, का गोठ्यातली म्हस?" आम्ही हसायचो. तिच्या नावाचं पाकीट घरात कधी आलं नाही आणि त्याचं कुणाला काही वाटलंही नाही. मलाही नाही, हे कबूल करते.

बाबांनी पत्रिकांचा गठ्ठा माझ्यासमोर ठेवला. "तुजे मशिनीत बायकांची पन नावं बसतील काय?"

मी तेव्हा डोंबिवलीला स्टेशनजवळच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये 'सी' शिकत होते. काळ्या पडद्यावर प्रोग्रामचं नाव टाइप करायचं, त्याच ओळीत पुढे नवऱ्याचं आणि बायकोचं नाव घालायचं, एंटर मारायचा, की प्रिंटरमधून पाकिटावर चिकटवायची चिठ्ठी करकरत निघणार, असा माझा बेत होता. नव्याचे नऊ दिवस चालू होते. "त्यात काय, बसतील," मी म्हटलं.

खरी मेहनत बाबांची. गावातल्या बायकांची नावं कुणाला माहीतच नव्हती. अमक्याची आई, तमक्याची सून, एवढीच ओळख. स्वतः बाबाही आईला 'ऐकलंस काय' अशीच हाक मारायचे. तिचं नाव त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. हा माणूस वही घेऊन घरोघर गेला. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. एका म्हातारीने माहेरचं नाव सांगितलं, तर तिच्या सुनाच बघत राहिल्या. बाबांनी तेच लिहून आणलं.

रविवारी क्लासच्या सरांनी मशीन वापरू दिलं. मराठी अक्षरं उमटवणारं ते एकच होतं. बाबा शेजारच्या खुर्चीत ताठ बसले. चाचणी म्हणून पहिली चिठ्ठी मी आमच्याच घराची घातली. आईच्या नावामागे 'कै.' लावू का, असं विचारलं.

"नको," ते म्हणाले. "सौ.च ऱ्हाऊ दे."

चिठ्ठी बाहेर आली. त्यावर बाबा नव्हतेच. 'सौ.' आणि आईचं नाव, मग 'व', मग पुन्हा 'सौ.' आणि आईचंच नाव.

दुसरं घर घालून बघितलं. तिथेही बाई दोनदा, पुरुष गायब. माझं तोंड एवढंसं झालं. चूक सापडायला तास गेला. नावामागे श्री. किंवा सौ. जोडायचं तर ते जुळवायला प्रोग्रामला मेमरीत तात्पुरती जागा लागते. मी ती एकच राखली होती. आधी पुरुषाचं नाव तिथे जुळलं, पण ते छापायच्या आत त्याच जागेत बाईचं नाव लिहिलं गेलं. छापताना प्रोग्राम दोन्ही वेळा तिथेच जाऊन बघत होता.

बाबांना सांगितलं, "पाट एकच मांडला मी. तुम्हाला बसवलं, जेवायच्या आत उठवलं आणि आईला बसवलं."

"मग दोन मांड," बाबा म्हणाले.

सरांनी तेच जरा जास्त शब्दांत सांगितलं. प्रत्येक नावाला वेगळी जागा मागून घे, आणि छापून झालं की परत कर, नाहीतर जागा अडत जाईल. तसं केलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाच्या चिठ्ठ्या निघाल्या, जोडीजोडीने. आमच्या घराचीही नवी काढली.

आमच्याकडे पहिली पत्रिका देवापुढे ठेवतात. नुसती ठेवून भागत नाही, नाव घेऊन तोंडी आवतण द्यावं लागतं. देवाचं झाल्यावर बाबांनी आणखी एक पाकीट घेतलं आणि खिशातून चाचणीची चिठ्ठी काढून त्यावर खळीने चिकटवली.

"बाबा, ती चुकलेली आहे. तुमचं नावच नाही तिच्यात."

"माजे नावाची पाकिटं लई आली घरात," ते अंगठ्याने चिठ्ठी सपाट करत म्हणाले.

पाकीट त्यांनी आईच्या फोटोपुढे ठेवलं. तिचं नाव घेणं त्यांना जमणार नाही, असं मला वाटलं. मग त्यांनी चिठ्ठीवर होतं तसं वाचलं. आईचं नाव घेतलं, 'व' म्हणाले, पुन्हा आईचं नाव घेतलं.

"पोरीच्या लग्नाला या," ते म्हणाले.

बरोबर छापलेली चिठ्ठी माझ्या हातात तशीच राहिली, आणि मला रडू आवरेना.