बंद इंजिनातलं भरीत

मी धुळ्यात आगीचे विमे विकतो आणि गेल्या पौषात मी एक इंजिन पेटवलं. ही दोन्ही कामं एकाच माणसाने करू नयेत, असं आमच्या ऑफिसचं मत पडलं. माझंही तेच मत आहे. फक्त मला ते जरा उशिरा सुचलं, म्हणजे धूर निघाल्यावर!

यात मूळ कारण आबा. आबा म्हणजे माझे सासरे. भुसावळला वाफेच्या इंजिनावर आधी इंजिन पुसणारे खलाशी, मग कोळसा टाकणारे फायरमन, मग ड्रायव्हर. त्यांच्या हिशेबाने जगात माणसं दोन प्रकारची : इंजिन चालवणारी आणि मागे डब्यात बसून शेंगा खाणारी. मी तिसऱ्या प्रकारात मोडतो, दुसऱ्याला सोडायला स्टेशनवर आलेला. गेली तीस वर्षं ते मला 'जावईबुवा' म्हणतात, आणि इतक्या अदबीने, की बिनतिकिटाच्या माणसाला फर्स्ट क्लासमधून उतरवतानाच तशी अदब वापरत असतील.

अक्का, म्हणजे सासूबाई, गेल्यावर आम्ही आबांना धुळ्याला आणलं. भुसावळच्या माणसाला धुळ्यात ठेवणं सोपं नाही. "धुयाले गाडी येते ना," आबा पहिल्याच दिवशी म्हणाले, "ते पुढं रूळ नाही म्हनून येते." त्यानंतर ते फारसं काही बोललेच नाहीत. अर्धी भाकरी खायची, भिंतीवरच्या घड्याळासमोर बसायचं, आणि भुसावळला आत्ता कुठली गाडी आली असेल ते मनातल्या मनात पाहायचं. आठ महिने असेच गेले. मग एका सकाळी त्यांनी पिशवी भरली.

"मले माझ्या घरी सोडा."

"तिथे कोण आहे आबा?" सुलभाने, म्हणजे माझ्या बायकोने विचारलं.

"कुलूप हाये."

वय ऐंशी, दोन्ही गुडघे संपावर, रक्तात साखर. आमच्या घराच्या दोन पायऱ्या चढताना ते तीनदा थांबायचे. आणि आता एकटे राहणार! सुलभा स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून आली आणि मला म्हणाली, "अहो, काहीतरी करा." (आमच्या घरातली सगळी संकटं याच वाक्याने सुरू झालेली आहेत.)

मी विचार केला. आबा खुशीत असताना एकच गोष्ट सांगायचे, फावड्यावरच्या भरताची. पौषात फैजपूर-सावद्याकडून भरताची मोठाली, पांढरट हिरवी वांगी यायची. इंजिनावरचे लोक कोळशाचं फावडं गरम पाण्याने धुवायचे, त्यावर वांगी मांडायचे आणि फावडं आगीच्या पेटीत सरकवायचे. भट्टीच ती! दोन सिग्नलांमध्ये वांगं भाजून तयार. सोलायचं, मिरची रगडायची, मीठ घालायचं, भाकरीवर घ्यायचं. "तसं भरीत पुन्हा नाही खाल्लं," असं म्हणून आबा आमच्या घरच्या भरताकडे असं पाहायचे, की सुलभा वाटी उचलून आत न्यायची.

भुसावळकडे रेल्वेचं एक जुनं संग्रहालय आहे. तिथे वाफेचं एक इंजिन उभं करून ठेवलंय, आणि बागेला चक्कर मारणारी एक छोटी गाडीही आहे. आबा तिकडे कधी फिरकले नव्हते. "मेलेलं इंजिन काय पाहायचं?" म्हणायचे. मी म्हटलं, "आबा, तुमच्या घराच्या वाटेवरच आहे. दहा मिनिटं थांबू, मग सोडतो." आबा पिशवी मांडीवर घेऊन गाडीत बसले. डिकीत मी काय ठेवलंय, हे फक्त मला ठाऊक होतं. तीन वांगी, मिरच्या, भाकरी, एक नवं कोरं फावडं आणि वाळलेल्या पऱ्हाट्यांची मोळी. पऱ्हाटी म्हणजे कापसाचं वाळकं झाड. आमच्याकडे भरताचं वांगं त्याच्याच जाळावर भाजतात.

बेत असा : सुलभाने आबांना छोट्या गाडीत बसवून दोन चकरा मारून आणायच्या. तेवढ्यात मी मोठ्या इंजिनावर चढून पेटीत मूठभर पऱ्हाट्या पेटवायच्या, फावड्यावर वांगी भाजायची. आबा आले की म्हणायचं, "आबा, जरा दार उघडून बघा!" आबा उघडणार, आत भाजलेली वांगी, डोळ्यांत पाणी, आणि पिशवीसकट माणूस परत धुळ्याला!

इंजिनाजवळ पाटी होती : 'आतील वस्तूंना हात लावू नये.' मी ती वाचली. पाट्या मी नेहमी वाचतो. पण विमेवाल्याचं डोकं कसं चालतं पाहा. मी स्वतःला विचारलं, आग लावायला जगातली सर्वांत सुरक्षित जागा कोणती? जी आगीसाठीच बांधली ती! हे कलम मला इतकं बिनतोड वाटलं, की मी स्वतःच्या पॉलिसीवर स्वतःच सही केली.

पऱ्हाट्या पेटवल्या, वांग्यांचं फावडं सरकवलं; पेटीत आधीच काय आहे ते मात्र पाहिलं नाही. कितीतरी वर्षांचा सुका पालापाचोळा, कागद, वेफर्सची पाकिटं आणि कबुतरांनी निगुतीने जमवलेल्या काड्या. माझ्या मूठभर पऱ्हाट्यांनी त्या सगळ्या मंडळींची ओळख करून घेतली आणि मिनिटाभरात भट्टी लागली.

आधी चिमणीतून कबुतरं निघाली. आठ-दहा तरी असतील, आणि सगळ्यांनी जाताना माझ्याकडे पाहिलं. मग निघाला धूर. पांढरा नाही, करडा नाही, काळाकुट्ट! निम्मा वर चिमणीतून आणि निम्मा खाली माझ्या तोंडावर.

"ओ भाऊ!" खालून वॉचमन ओरडला. "धूर कसाचा?"

घाबरलो की माझी धुळ्याची बोली वर येते. "धूर नही शे!" मी आतून ओरडलो. "धुकं शे!"

दुपारचे बारा वाजले होते.

वॉचमनने शिट्टी फुंकली. आता ही चूक त्याची म्हणता येणार नाही, त्याच्याकडे शिट्टीच होती. पण हा मुलूख रेल्वेचा. इथल्या माणसाला इंजिनाचा धूर दिसला आणि शिट्टी ऐकू आली, की त्याचे पाय त्याला विचारत नाहीत. बागेत डबे खात बसलेली माणसं उठली. "निघाली, निघाली!" एका बाईने अर्धवट खाल्लेली पोळी गुंडाळली. इंजिनामागे जुना डबा जोडून ठेवला होता, त्यात माणसं चढायला लागली. खिडकीतून रुमाल पडले, जागा धरल्या गेल्या, भांडणंसुद्धा लागली!

"सरका ना थोडं!"

"इथं आमचे मामा येऊन राह्यले."

एक टोपीवाले आजोबा माझ्या पायरीपाशी येऊन शांतपणे विचारू लागले, "ड्रायव्हरसाहेब, पाचोऱ्याले थांबते का?"

मी म्हटलं, "आजोबा, ही गाडी जागची हलत नाही!"

"म्हंजे लेटच हाये," असं म्हणून ते डब्यात जाऊन बसले.

आणि तिकडून छोटी गाडी वळण घेऊन आली. लहान मुलांसाठी केलेली ती गाडी. आबा तिच्यात गुडघे हनुवटीला लावून, मांडीवर पिशवी धरून बसले होते. सुलभाने धूर पाहिला आणि डोळे मिटून घेतले. तीस वर्षांच्या संसारात नवरा कुठे असेल, हे तिला अचूक कळतं. आबांनी मात्र मान वर केली. चिमणीकडे पाहिलं. मग ते चालत्या गाडीतून उतरले. (गाडीचा वेग गोगलगाईचा असला, तरी उतरले हे महत्त्वाचं.) पिशवी तिथेच पडली. आणि आमच्या दोन पायऱ्यांना तीनदा थांबणारा तो माणूस दांडा धरून इंजिनावर सरळ चढला!

मला वाटलं, आता मिठी तरी मारतील, नाहीतर मुस्काटात तरी.

"दार लाव!" आबा गरजले. "दार लाव आधी! हा असा काया धूर? कोन रे तू फायरमन? कोनी घेतलं तुले कामावर?"

जावईबुवा गेले, अदबही गेली. मी झटकन पेटीचं दार लावलं. खाली वॉचमन पाण्याची बादली घेऊन चढत होता.

"पानी नको!" आबा त्याच्यावर ओरडले. "तापल्या लोखंडावर गार पानी? तडकवतो का तिले? वाळू आन!" मग वाकून त्यांनी कुठलासा दांडा ओढला. हवेची झडप ती. इतक्या वर्षांत तो दांडा कुणी हलवला नसेल. पण त्याने हूं की चूं केलं नाही. आबांच्या हाताला तो ओळखत असावा. वाळूच्या बादल्या आल्या. आबांच्या हुकमाने मी मूठमूठ वाळू आत टाकत गेलो. दहा मिनिटांत धूर पातळ झाला, करडा झाला, थांबला. मागच्या डब्यातली माणसं पुटपुटत उतरली. टोपीवाले आजोबा सर्वांत शेवटी. "कॅन्सल?" त्यांनी विचारलं.

आबांनी पेटीचं दार उघडून फावडं ओढलं. दोन वांगी कोळसा झाली होती. तिसरं मात्र बरोबर भाजलं होतं. आबांनी ते बोटांनी सोललं, कण तोंडात टाकला आणि सावकाश चघळला. मी भाकरी धरून उभा. हाच तो क्षण, याच्यासाठीच तर सगळं!

"मीठ?" आबांनी हात पुढे केला.

मीठ मी विसरलो होतो.

तेवढ्यात संग्रहालयाचे साहेब आले. त्यांनी रागावावं तेवढं ते रागावले, आणि त्यांचा प्रत्येक शब्द रास्त होता. मी माफीचा कागद लिहून दिला. साहेबांनी विचारलं, "आता हे साफ कोण करणार?"

"तो करीन," आबा म्हणाले. "मीबी खलाशी म्हनूनच लागलो होतो."

मग पेटी निवल्यावर मी ओल्या चिंध्या आणि घमेलं घेऊन पेटीच्या त्या भोकातून कमरेपर्यंत आत गेलो. बाहेर राहिले फक्त माझे पाय. नातेवाईक म्हणून सुलभाने त्यांचा फोटो काढला. आतून मला काहीच दिसत नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. बाहेर आबा बोलत होते! आधी वॉचमनशी, मग साहेबांशी, मग जमलेल्या सगळ्यांशी. घाटात पावसाळी रुळांवर चाकं कशी घसरायची ते सांगत होते. धुरावरून फायरमनची अक्कल कशी कळते तेही. (इथे दोन-तीनदा माझ्या पायांकडे बोट झालं असणार, कारण लोक हसले.) मग आबा जरा थांबले आणि म्हणाले, "मीठ मीबी दर वेळी विसरायचो. आमची घरवाली मिठाची पुडी घेऊन फाटकापाशी उभी राहायची. गाडी हळू व्हायची, ही पुडी वर द्यायची. मले वाटे, मी विसरतो म्हनून ती येते."

मी आत चिंधी पिळली.

"मंग मी मुद्दामच विसरायले लागलो," आबा म्हणाले.

आत राख खूप होती. डोळ्यांत जाते. मी दुसऱ्यांदा तोच कोपरा पुसत राहिलो.

मी बाहेर निघालो तेव्हा सुलभा आबांच्या शेजारी बसली होती. तिने कुठूनशी मिठाची पुडी मिळवली होती, आणि एका वांग्याचं भरीत वॉचमनसकट चौघांत वाटलं जात होतं. माझ्या वाट्याला देठ आलं. आबांनी दोन भाकरी खाल्ल्या. मी मोजल्या!

गाडीत बसलो. फाट्याशी आल्यावर मी वेग कमी केला. इथून डावीकडे आबांचं घर. पिशवी पुन्हा त्यांच्या मांडीवर आली होती. माझ्याने विचारवत नव्हतं, पण विचारलं, "आबा, वळू?"

"कुठी?"

"तुमच्या घरी. तुम्हाला एकट्याने राहायचं होतं ना?"

आबांनी आरशातून माझ्या काळ्या तोंडाकडे पाहिलं. मग त्यांनी पिशवी मांडीवरून उचलून पायाशी ठेवली.

"सरळ चाल धुयाले," ते म्हणाले. "माझी लेक तिथं हाये, गॅस तिथं हाये, आन तू तिथं हाये. तुले एकट्याले सोडून मी इथं कसा राहू?"

आता मी सकाळी चहाला काडी ओढली, की मागे आबा येऊन उभे राहतात. "धूर पाहा, धूर!" गॅसला धूर नसतो, हे मी त्यांना सांगत नाही. आणि यंदा स्वतःच्या घराचा आगीचा विमा नव्याने उतरवताना फॉर्मवर एक रकाना आला : 'घरातील ज्वलनशील अथवा धोकादायक बाबी.' लोकांना मी तिथे 'निरंक' लिहायला लावतो. या वेळी मी स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. आबांनी चष्मा लावून ते वाचलं आणि साक्षीदार म्हणून खाली सही केली.